हातात काहीतरी घेऊन जा

बीदर जिल्ह्यातल्या आमच्या राजेश्वरहून कुठल्याही दिशेला निघालं तरी दोन-तीन तासांत एखादं विद्यापीठ नाहीतर संशोधन संस्था लागते. हुमनाबादवरून दक्षिणेला वळलं की कलबुर्गी. तिथं १९८० सालचं गुलबर्गा विद्यापीठ आहे, आणि पुढं आळंदच्या रस्त्याला कडगंचीला २००९पासून कर्नाटकाचं केंद्रीय विद्यापीठ. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ कधीचंच आहे, त्यात २०२३ साली बीदर विद्यापीठाची भर पडली. वळायचंच नाही, हैदराबादचा हमरस्ता धरून सरळ जायचं म्हटलं तर शहर लागायच्या आधी पटणचेरू येतं. तिथं १९७२पासून इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिच्या बीजपेढीत एकट्या तुरीचे १३ हजारांहून अधिक नमुने जपून ठेवलेले आहेत. आमच्या शिवारात पेरली जाते तीच तूर.

माझ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी या संस्थांच्या पाट्या बसच्या खिडकीतून वाचलेल्या असतात. आत कुणी गेलेलं नसतं. मी तालुक्याच्या एका पदवी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, राहायला राजेश्वरला आहे. वर्गात मुलं येतात ती राजेश्वर, मुडबी, मंठाळ, कोहिनूर, हुलसूर या बाजूची. दहावीपर्यंत कुणी मराठी शाळेत शिकलेलं, कुणी कन्नड, कुणी उर्दू. बी.एस्सी.ला आल्यावर सगळ्यांनाच एकदम इंग्रजी. पहिलं वर्ष तर पुस्तकातली वाक्यं उलगडण्यातच जातं. दुसऱ्या वर्षी एखादा धीर करून स्टाफरूमच्या दाराशी उभा राहतो आणि विचारतो, "मॅडम, रिसर्च करायचं तर कधीपासून करता येतं?"

त्याच्या मनातला क्रम ठरलेला असतो. आधी बी.एस्सी., मग एम.एस्सी., मग नेट, मग पीएच.डी., आणि त्यानंतर कधीतरी संशोधन. हा क्रम त्याला कुणी मुद्दाम शिकवलेला नसतो, पण सगळ्या घरादारानं आणि शाळेनं मिळून तोच मनात भरलेला असतो. त्यातला पहिला टप्पा संपेपर्यंत घरची निकड पुढं येते आणि मुलगा हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत किंवा हैदराबादच्या औषध कंपनीत कामाला लागतो. नोकरीला माझा विरोध नाही. पण ज्याची नजर नोंदी घेण्याची आहे, ज्याला एकाच झाडापाशी तासभर थांबता येतं, अशा मुलाला हे काम त्याच्यासाठीही आहे हे कळायच्या आधीच तो निघून जातो, याची मला फार हळहळ वाटते.

पदवीच्या मुलांना संशोधनात घेणं ही काही अचाट कल्पना नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकार यांनी १९६९ साली तसा रीतसर कार्यक्रमच सुरू केला आणि पुढं तो जगभर उचलला गेला. आपल्याकडं त्याच्याही किती आधी, १९२७ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणाऱ्या द. रा. कापरेकरांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं होतं. ते पदवीधर झाले त्यानंतर, १९२९ साली. पुढं आयुष्यभर त्यांनी देवळालीला शाळामास्तरकी केली आणि ६१७४ या आकड्याची गंमत जगाला दाखवली. गणिताच्या मुलांनी प्रयोगशाळा नसल्याची तक्रार केली की मी त्यांना कापरेकरांबद्दल सांगते.

आमच्या भागात ही वाट कशी उघडली ते सांगायचं तर तुरीपासूनच सुरुवात करावी लागेल. कलबुर्गी-बीदर हा तुरीचा पट्टा. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. जून-जुलैत पेरलेली तूर दिवाळीनंतर फुलाशेंगांवर येते, आणि नेमकं त्याच सुमाराला शेतात जागजागी झाडं वाळायला लागतात. मराठीत आपण मर म्हणतो, कन्नड शेतकरी नेटे रोग म्हणतात. एका हिवाळ्यात दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा वडिलांच्या शेतातली चार वाळकी झाडं मुळासकट उपटून पिशवीत घालून घेऊन आला. त्याला औषध हवं होतं. मी त्याला म्हटलं, आधी हे मेलं कशानं ते बघू.

आम्ही खोडं उभी चिरली. दोन झाडांच्या आत, जिथून पाणी वर चढतं तिथं, काळपट तपकिरी रेघा होत्या आणि बुंध्यापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा बाहेरूनच दिसत होता. ही फ्युजेरियम बुरशीनं येणारी खरी मर. बाकीची दोन आतून बरीच स्वच्छ होती, पण त्यांची मुळं ठिसूळ झालेली, साल सोलून निघत होती आणि सालीखाली मोहरीहून बारीक काळे कण होते. ती कोरडी मूळकूज, बुरशी निराळी. वरून बघितलं तर चारही झाडं सारखीच वाळलेली. एकाच शेतात दोन रोग आहेत हे त्या मुलाच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, आणि दोन्हींवर तेच औषध फवारलं जात होतं.

त्यानं विचारलं, "मग कुठला जास्त आहे?" मला सांगता येईना. पुस्तकात जे लिहिलंय ते मी सांगितलं. कडक ऊन आणि पावसाची ओढ असली की मूळकूज वाढते. मरीची बुरशी जमिनीत आणि जुन्या धसकटांत वर्षानुवर्षं जिवंत राहते, त्यामुळं तुरीवर तूर घेतली की ती बळावते आणि मध्ये ज्वारी घेतली की कमी होते. पण राजेश्वरच्या शिवारात, काळ्या खोल रानात आणि माळाच्या बरड रानात, कुठं कुठला रोग किती आहे हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते मोजूनच कळणार होतं आणि मोजायला तो तिथं होता.

मग आम्ही मोजायची रीत ठरवली. शेत निवडताना रस्त्याकडचं, सोयीचं, ओळखीच्याचं असं निवडायचं नाही. प्रत्येक शेतात पाच ठिकाणी थांबायचं, चार कोपऱ्यांकडं आणि मध्ये. प्रत्येक ठिकाणी ठराविक लांबीची ओळ घ्यायची, तिच्यातली एकूण झाडं मोजायची, वाळलेली मोजायची, आणि वाळलेल्यातली काही चिरून रोग ओळखायचा. माती कसली, वाण कुठला, मागच्या दोन वर्षांत काय होतं, आंतरपीक काय, हे शेतकऱ्याला विचारून लिहायचं. तारीख, वेळ, शेताची खूण सगळं त्याच दिवशी. रात्री घरी बसून आठवून लिहिलेलं चालणार नाही. हा शेवटचा नियम मी फार कडकपणे पाळायला लावते, कारण आठवण नेहमी आपल्याला हवं तिकडं झुकते.

हा मुलगा आणि त्याचे दोन मित्र सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर फिरू लागले. पहिल्यांदा लोक हसले. एका आजोबांनी बांधावरून हाक मारून विचारलं, "काय करूलालाव रे पोरांनो, झाडं मोजून कुठं पीक वाढतंय व्हय?" मुलांनी त्यांच्यासमोर खोड चिरून दाखवलं. आजोबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं, मग स्वतः आत जाऊन आणखी झाडं उपटून आणली. त्यानंतर त्या गल्लीतले शेतकरी आपणहून बोलवायला लागले. आमची मुलं मराठी घरात बोलतात, कन्नड बाजारात आणि कचेरीत, दखनी मित्रांशी. बांधावर जो भेटेल त्याच्या बोलीत ती विचारू शकतात. यात आपण काही विशेष करतो असं त्यांना कधी वाटलेलंच नव्हतं.

हंगाम संपला तेव्हा त्या मुलाकडं नीट लिहिलेल्या नोंदींची एक वही होती. तोवर मी त्याला कुठल्याही प्राध्यापकाला लिहू दिलं नव्हतं. माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेली पत्रं मला आठवत होती. 'आदरणीय सर, मला संशोधनाची अत्यंत आवड आहे, कृपया संधी द्यावी', खाली गुण, खाली बायोडेटा. अशी पत्रं प्रत्येक प्राध्यापकाला ढिगानं येतात. त्यांना उत्तर न देणारा माणूस वाईट नसतो. त्याला त्या पत्रात धरण्यासारखं काही सापडत नाही, एवढंच.

या वेळचं पत्र निराळं होतं. पहिल्या दोन ओळींत मुलगा कोण, कुठला. मग, इतक्या शेतांत अशा रीतीनं मोजलं, बरड रानात मूळकूज जास्त दिसली, खोल काळ्या रानात मर, पण दोन-तीन शेतं या हिशेबात बसत नाहीत. मग खरा प्रश्न: ओळखण्यात चूक होतेय की तिथं आणखी काही आहे? आणि शेवटी, नमुने जपून ठेवलेत, सुट्टीत स्वखर्चानं घेऊन येतो, तुमच्याकडं बघून शिकायला मिळेल का? एका पानाची नोंद सोबत. इंग्रजी साधं, मी व्याकरण तेवढं सुधारलं. वाक्यं त्याचीच ठेवली, कारण पुढं बोलायचं त्यालाच होतं.

दोन ठिकाणांहून काहीच आलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी चौथ्या दिवशी फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मोजताना शेतं कशी निवडलीत?" मुलाला ते सांगता आलं. त्यांना त्या वर्षी आमच्या बाजूची पाहणी करायची होती, पण माणसं कमी होती आणि भाषेची अडचण होती. पुढच्या हंगामात आमची मुलं त्यांच्या चमूबरोबर फिरली. उन्हाळी सुट्टीत त्यातल्या दोघांना प्रयोगशाळेत बसायला मिळालं.

तिथं सुरुवातीचे बरेच दिवस त्यांनी काय केलं? काचेची भांडी धुतली, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या, ऑटोक्लेव्ह लावायला शिकले. मग खोडाचे तुकडे निर्जंतुक करून बटाट्याच्या अर्काच्या आगरावर ठेवायला शिकले. बऱ्याच प्लेटांत भलतीच बुरशी आली. हात कसा फिरवायचा, झाकण किती उघडायचं, ज्योतीपासून किती लांब बसायचं, हे कुणी सांगून कळत नाही. एके दिवशी पांढऱ्या कापसासारखी वाढ आली आणि सूक्ष्मदर्शकाखाली विळ्याच्या आकाराचे बीजाणू दिसले. त्या मुलानं मला रात्री फोन केला. बोलताना त्याचा श्वास लागत होता. वर्गात ती आकृती मी त्याला फळ्यावर काढून दाखवली होती, परीक्षेत त्यानं ती काढून गुणही मिळवले होते. पण ही त्याच्या बापाच्या रानातली होती.

न बसणारी ती दोन-तीन शेतं? त्यातलं एक ओळखण्यातली चूक निघालं. बाकीच्या ठिकाणी एकाच झाडात दोन्ही बुरश्या होत्या. आमच्या नोंदवहीत यासाठी रकानाच नव्हता, तो पुढच्या वर्षी आला.

मुलांना मी तुरीच्याच वांझ रोगाची हकीकतही सांगते, कारण त्यांना सगळं एका सुट्टीत संपवायचं असतं. या रोगात झाड वाळत नाही, उलट झुडपासारखं हिरवं राहतं, पानं बारीक आणि फिकट होतात, फूल धरत नाही. त्याची पहिली नोंद १९३१ साली बिहारातल्या पुसाहून झाली. तो एका अतिसूक्ष्म कोळ्यामुळं पसरतो हे १९६२ साली दाखवलं गेलं. आणि त्यामागचा विषाणू हाती यायला २००० साल उजाडावं लागलं. म्हणजे सुमारे सत्तर वर्षं लोक एकाच रोगामागं होते. कुणी फक्त कुठल्या जिल्ह्यात किती दिसतो हे लिहून ठेवलं, कुणी रोज पानाखाली भिंग धरून बसलं. यातल्या कुणाचं काम छोटं होतं असं म्हणता येणार नाही. १९८६ साली कर्नाटकात मारुती नावाचा मर न होणारा तुरीचा वाण आला, तोही रोगट रानात हजारो झाडं लावून टिकली ती कुठली हे बघणाऱ्यांमुळंच आला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना मारुती अजून आठवतो.

योजनांबद्दल मुलं फार विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा पदवीच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००४पासून चालू आहे, त्यात शिबिरातून निवडलेल्या मुलांना पुढं प्रकल्प करता येतो. बारावीला राज्यात वरच्या एक टक्क्यात असलेल्यांना मूलभूत विज्ञान घेतलं तर इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळते, आणि तिच्यातला एक भाग खास उन्हाळ्यात कुणा संशोधकाजवळ काम करण्यासाठी असतो. आमच्याकडं शिष्यवृत्ती मिळालेली मुलंसुद्धा हा भाग नुसता कागदोपत्री उरकतात, हे मला सहन होत नाही. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२मध्ये बंद होऊन इन्स्पायरमध्ये गेली, तिची जुनी पुस्तकं अजून दुकानांत दिसतात, त्यांवर पैसे घालू नका. चार वर्षांच्या पदवीत शेवटचं वर्ष संशोधनाचं, ही नव्या धोरणातली सोय महाराष्ट्रात आहे, पण कर्नाटकानं २०२४मध्ये पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. म्हणजे सीमेपलीकडच्या उमरग्याच्या आणि आमच्या बसवकल्याणच्या मुलाला आता निराळा हिशेब करावा लागतो. आमच्या मुलांकडं तीनच वर्षं आहेत, त्यामुळं दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हालचाल हवी.

आणि सगळ्यात उपयोगाची मला वाटते ती तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती. दोन महिने देशातल्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत, खर्चाची सोय. अर्जात तुम्हाला काय करायचंय हे थोड्या शब्दांत लिहावं लागतं. इथंच आमची मुलं अडतात. इंटरनेटवरून उचललेला मजकूर वाचणाऱ्याला लगेच कळतो. महाविद्यालयातल्या शिक्षकांनाही ती मिळते, हे फार जणांना माहीत नसतं. माझ्या सहकाऱ्यांना मी दर वर्षी आठवण करते. शिक्षकानं स्वतः एकदा जाऊन यावं, म्हणजे शिफारसपत्रात काय लिहायचं असतं ते कळतं.

मुडबीकडच्या एका मुलीचा अर्ज पहिल्या वर्षी गेला तसा परत आला. दुसऱ्या वर्षी तिनं वांझ रोगावर, आपल्या गावातल्या नोंदींवरून लिहिलं आणि निवड झाली. बेंगळुरूला जायचं होतं. तिच्या घरी मी आणि आमच्या ग्रंथपाल अक्का अशा दोघी गेलो. वडील शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्यावर भरवसा आहे. पण दोन महिने, एकटी पोरगी. आणि जाऊन करणार काय, तर बाटल्या धुणार म्हणतात." बाटल्या धुण्याचं मी लपवलं नाही. कुठल्या खोलीत राहणार, रात्री किती वाजता प्रयोगशाळा बंद होते, बाई प्रमुख आहेत की पुरुष, त्यांचा नंबर, हे सगळं आधी विचारून ठेवलं होतं, ते सांगितलं. असे प्रश्न विचारणारा बाप मागासलेला आहे असं मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याला खरी उत्तरं मिळायला हवीत. शेवटी आजी बोलल्या. माणिकनगरच्या जत्रेला त्या तरुणपणी मैत्रिणींबरोबर चालत जात, तेव्हाही घरच्यांनी असंच अडवलं होतं म्हणे. मुलगी गेली. तिला सोडायला वडील स्वतः गेले आणि वसतिगृह डोळ्यांनी बघून आले.

परत आल्यावर ती फार कमी बोलायची असं तिच्या मैत्रिणी म्हणत. मला वेगळं दिसलं. वर्गात कुणी काही म्हटलं की ती विचारू लागली, "हे कुणी मोजलंय?"

कला शाखेच्या मुलांना वाटतं हे सगळं विज्ञानवाल्यांचं. त्यांना मी बीदरच्या कारेजकडं घेऊन जाते. बीदरचा माळ लाल जांभ्या दगडाचा, खाली काळा बसाल्ट. पाऊस जांभ्यात मुरतो, खालच्या कठीण थरावर येऊन अडतो आणि त्या सांध्यावरून वाहतो. बहामनी काळात इराणी पद्धतीनं तिथं भुयारं खणून ते पाणी उतारानं वस्तीकडं नेलं आणि वर हवेसाठी, साफसफाईसाठी विहिरींची रांग ठेवली. नौबादची कारेज काळाच्या ओघात गाळानं बुजली, विसरली गेली. तिचा माग काढला तो केरळातल्या चित्तूरच्या सरकारी महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या व्ही. गोविंदनकुट्टी यांनी, बीदरच्या टीम युवा या तरुणांच्या गटाला बरोबर घेऊन. हे मी मुलांना दोनदा सांगते. कारेज शोधणारा माणूस पदवी महाविद्यालयातला शिक्षक होता, आणि त्याच्याबरोबर विहिरी शोधत फिरणारी पोरं इथली होती. म्हातारी माणसं कुठल्या विहिरीला कधी आटताना पाहिलं नाही म्हणतात, पावसाळ्यानंतर कुठल्या शेतात जमीन ओली राहते, हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. ते विचारावं लागतं.

बी.ए.च्या एका मुलीनं राजेश्वरच्या आठवडी बाजारात कोण कुणाशी कुठल्या भाषेत भाव करतं याच्या नोंदी घेतल्या. भाजीवाली आजी गिऱ्हाईक बघून भाषा बदलते, पण आकडे मात्र बहुधा एकाच भाषेत सांगते, हे तिच्या लक्षात आलं. तिला मी कुपवाडचा अभ्यास वाचायला दिला. सांगलीजवळच्या त्या गावात मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी राहून एकमेकींच्या वाक्यरचना कशा घेतात हे जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली मांडलं, आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत ते अजून शिकवलं जातं. तिनं तो लेख शब्दकोश घेऊन पंधरवडाभर वाचला. मग आपली वही घेऊन विद्यापीठातल्या भाषाशास्त्राच्या शिक्षकांकडं गेली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ११२९ सालच्या मानसोल्लासात मराठी पदंही आहेत हे तिला तिथं कळलं. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, तिच्या गावापासून पाऊण तासावर.

गाडगीळांचं उदाहरण मी शिक्षकांना देते. माधव गाडगीळ यांनी नव्वदीच्या दशकात पश्चिम घाटातल्या पदवी महाविद्यालयांचे शिक्षक आणि विद्यार्थी जोडून झाडं, पक्षी, फुलपाखरं यांच्या नोंदी एकाच पद्धतीनं घ्यायला लावल्या आणि १९९६ साली तो प्रयोग 'करंट सायन्स'मध्ये मांडला. पुढं २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक पंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही करायची ठरली. बऱ्याच ठिकाणी ती कुणीतरी ठेकेदारीनं भरलेली असते. पदवीच्या मुलांना करायला याहून योग्य काम मला माहीत नाही.

या सगळ्यात मनाला लागलेल्या गोष्टीही आहेत. एका संशोधकानं आमच्या मुलांच्या पाहणीचे आकडे घेतले, लेख छापून आला आणि त्यात मुलांचं नाव आभारातही नव्हतं. मुलं गप्प राहिली, मला फार राग आला. तेव्हापासून काम सुरू व्हायच्या आधीच मी विचारून घेते, नोंदी कुणाच्या राहतील, नाव कुठं येईल. लहान मुलांनी नाव कसं मागायचं असं काही जणांना वाटतं. मला वाटतं तेही शिकण्याचाच भाग आहे. मुलांनाही मी तितकंच बजावते, की शेतकऱ्याचं नाव, त्याचं कर्ज, त्याचा वाद, जे बांधावर ऐकलं ते वहीत लिहायचं नाही, आणि निकाल पहिल्यांदा त्याला सांगायचा. आम्ही तुरीचे आकडे कन्नड आणि मराठीत एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले. प्रयोगशाळेतून कळलेलं तिथल्या लोकांना कळलं नाही तर पुढच्या वर्षी त्यांनी आपल्याला रानात का येऊ द्यावं?

दुसरं दुखणं झेरॉक्सच्या दुकानातलं. शेवटच्या सत्राचा प्रकल्प तिथं तयार मिळतो, बांधून, नाव घालून. शिक्षकाच्या हाताखाली खूप मुलं, प्रयोगशाळेला पैसे नाहीत, वेळापत्रकात जागा नाही, हे सगळं मी रोज जगते, त्यामुळं नुसता मुलांना दोष देऊन माझं समाधान होत नाही. मी एवढंच करते, की तोंडी परीक्षेत नोंदवही मागते. कच्ची, मातीचे डाग पडलेली, खाडाखोड असलेली. ती नसेल तर बांधलेला प्रकल्प उघडत नाही.

या खरिपात तुरीच्या मुलांनी नवा प्रश्न घेतला आहे. गेल्या हंगामातल्या जोरदार पावसात पाणी साचलेल्या रानांतली झाडं वेगळ्याच तऱ्हेनं वाळली, खोडावर जमिनीलगत तपकिरी खळगे पडून तिथूनच मोडली. ते फायटॉप्थोरा असावं असं त्यांना वाटतं. राज्याच्या नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्रानं ग्रामपंचायतींमध्ये स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आहेत. त्यांचे आकडे आणि आपल्या शेतातले वाळलेले पट्टे एकमेकांशी ताडून बघायचे, असं मुडबीच्या त्या मुलीनं सुचवलं. ती आता एम.एस्सी.ला कलबुर्गीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या चौघांना तिनं परवा बांधावर उभं करून शेत कसं निवडायचं ते समजावलं, आणि रात्री आठवून लिहायचं नाही हेही त्यांना बजावलं. त्या चौघांतला एक उर्दू शाळेतून आलेला आहे. नोंदवहीतले रकाने तिन्ही लिप्यांत हवेत असं त्याचं म्हणणं पडलं, आणि ते कसे आखायचे यावर त्यांची अजून चर्चा चालू आहे.